पल्ला बघून टी

तुला गोल्फचा नाद लागल्याचं तुझ्या आईनं मला फोनवर सांगितलं, ते अशा सुरात की जणू मीच तुला बिघडवलंय. थोडं खरंही आहे म्हणा. आपल्या घरात हा खेळ मीच आणला. सोलापूरचा माणूस, पुण्याच्या नोकरीत गोल्फ शिकला आणि गुडघे तिकडंच ठेवून परत आला. आता खेळणं होत नाही, पण हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला आलो की तुझ्यामागून अठरा नाही तरी नऊ होल फिरीन. तोवर जे सांगायचंय ते लिहूनच सांगतो. स्विंगबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. ते तुझ्या कोचचं काम, शिवाय मोबाइलवर त्याचे हजार गुरू बसलेत. माझं सांगणं त्याच्या आधीचं आहे: चेंडू ठेवायचा कुठं.

प्रत्येक होलच्या सुरुवातीला, पहिला फटका जिथून मारायचा त्या जागी, म्हणजे टीवर, रंगीत खुणांच्या जोड्या असतात. काळी, निळी, पांढरी, पिवळी, लाल. सगळ्यात मागची जोडी म्हणजे सगळ्यात लांबचा होल. नवा गडी यातली कुठली निवडतो? साहेब जातील ती. कंपनीचा गोल्फ डे असला की बघ, साहेब निळ्यावर गेले की मागोमाग चौकडीतले उरलेले तिघं निळ्यावर. साहेबांचाही चेंडू तिथून धड जात नसतो, पण ते बोलायचं कुणी?

रंगाला हुद्दा समजू नकोस. रंगांचा अर्थ सगळीकडं एकसारखा नसतो, तो ज्या त्या क्लबनं ठरवलेला असतो. एका क्लबची पांढरी टी दुसऱ्या क्लबच्या निळीपेक्षा लांब असू शकते. म्हणून नव्या मैदानावर गेलास की रंग बघायचाच नाही. स्कोअरकार्डवर त्या टीची एकूण लांबी यार्डात छापलेली असते, ती वाचायची. येरवड्याच्या पूना क्लब गोल्फ कोर्सवर खेळ, चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सीवर खेळ, नाहीतर ऑफिसनं अमेरिकेला पाठवलं तर तिथं खेळ. आधी कार्ड, मग पाय.

सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारी माणसं तू लहानपणापासून बघतोस. एवढी उंच काठी कमरेशी पेलून गावभर चालायचं, म्हणून संक्रांतीच्या आधी कितीतरी दिवस सराव चालतो. अंगात रग आहे म्हणून कुणी नवा पोरगा थेट मानाच्या काठीला हात घालत नाही. आणि सरावाची काठी धरली म्हणून त्याला कुणी हसतही नाही. गोल्फच्या मैदानावर मात्र पुढच्या टीवर गेलेल्या माणसाकडं बघून हसणारे भेटतात. हसू देत. संध्याकाळी कार्ड जुळवताना त्यांचं हसू आपोआप आवरतं.

तर आधी आपला पल्ला मोज. खरा. ड्रायव्हरनं किती मारतोस असं विचारलं की पुरुषमाणूस आयुष्यातला सगळ्यात लांब फटका सांगतो. “अडीचशे मारतो काका.” तो अडीचशे गेलेला चेंडू उतारावर पडलेला असतो, जमीन मार्चची टणक असते आणि मागून वारा असतो, हे सांगायचं राहून जातं. मोजायचं ते असं: सपाट होल बघ, सकाळी गर्दी नसताना दहा चेंडू मार, आणि सगळ्यांचं अंतर धर. वर उडालेला, टोकाला लागलेला, झाडाकडं वळलेला, सगळे. त्यांची सरासरी हा तुझा पल्ला. रेंजवर मोजू नकोस, तिथले चेंडू झिजलेले असतात आणि कमी जातात. आकडा दोनशेच्या आसपास आला तर तोंड पाडायचं कारण नाही. अमेरिकेच्या पीजीए टूरवरच्या व्यावसायिकांची सरासरी ३०० यार्डांच्या घरात असते, आणि जगभरच्या हौशी पुरुषांची दोनशे ते सव्वादोनशेच्या आसपास. तू हौश्यांतलाच आहेस की.

आता हिशोब बघ. ४०० यार्डांचा पार-४ होल आहे. टूरवरचा माणूस ३०० मारतो, त्याला उरतात १००. हातात वेज घेतो आणि झेंड्याजवळ टाकतो. तू २०० मारलेस, तुला उरले २००. म्हणजे जमिनीवरून फेअरवे वुड, समोर बंकर, आणि चेंडू ग्रीनवर पोचला तरी थांबणार नाही, कारण तो सपाट येतो. एकच होल, पण तो खेळतोय एक खेळ आणि तू दुसराच. त्याच्यावर तुझ्यासारखी पाळी आणायची तर त्याचा होल ६०० यार्डांचा करावा लागेल आणि कार्डावर पार चारच ठेवावा लागेल. त्याला असे अठरा होल खेळायला लावले तर तोही बॅट उचलून क्रिकेटला जाईल.

हेच गणित बार्नी ॲडम्स नावाच्या अमेरिकन माणसानं मांडलं. तो गोल्फचे क्लब बनवायचा, त्यामुळं सामान्य गिऱ्हाईक खरोखर किती लांब मारतं हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या कल्पनेवरून २०११ साली अमेरिकेतल्या पीजीए आणि यूएसजीए या दोन मोठ्या संस्थांनी ‘टी इट फॉरवर्ड’ नावाची मोहीम काढली. पुढं या, पुढून खेळा, एवढंच तिचं म्हणणं. जॅक निकलससारख्या माणसानं तिची पाठराखण केली; अठरा मेजर जिंकलेल्याला कुणी घाबरट म्हणू शकत नाही. त्या मोहिमेत पल्ल्याप्रमाणं मैदानाची लांबी सुचवली होती. ड्रायव्हर २७५ जात असेल तर ६७०० ते ६९०० यार्ड, २५० ला ६२०० ते ६४००, २२५ ला ५८०० ते ६०००, २०० ला ५२०० ते ५४००. हे चार आकडे लिहून बॅगेच्या खिशात ठेव. पाठ करायचं नसेल तर सोपी युक्ती आहे: पाच नंबरच्या आयर्ननं जेवढं मारतोस त्याला ३६ नं गुण. दीडशे जात असेल तर ५४०० आले. दोन्ही वाटा एकाच गावाला जातात.

टी बरोबर निवडली का, हे खेळता खेळता बॅगच सांगते. नियमानं १४ क्लब नेता येतात. फेरी संपल्यावर आठव, आठ नंबर, नऊ नंबर, वेज यांनी दुसरा फटका कितीदा मारलास? पार-४ वर दरवेळी दुसऱ्या फटक्याला हायब्रिड किंवा वुडच निघत असेल तर तू मागं उभा आहेस. एवढे पैसे घालून आणलेले आयर्न नुसते फिरवून आणायचे का? योग्य टीवरून खेळलास की कधी सहा, कधी आठ, कधी वेज निघतो. कुठल्या होलला काय करायचं याचा विचार करावा लागतो, आणि या खेळाची गोडी त्या विचारात आहे. नुसती ताकद लावायची असेल तर तालीम आहे.

“पण काका, पुढून पार मिळाला तर तो फुकटचा,” असं तू म्हणशील. मुळीच नाही. ग्रीन तेवढाच वाकडा असतो, पट तेवढाच चुकतो, बंकरातली वाळू तीच. शिवाय हँडिकॅप, म्हणजे कुवतीप्रमाणं मिळणारी फटक्यांची सूट, या फुकटेपणाचा चोख हिशोब ठेवतो. २०२० पासून जागतिक हँडिकॅप पद्धत आली, तिच्यात प्रत्येक टीला वेगळं कोर्स रेटिंग आणि वेगळा स्लोप असतो. तुझा हँडिकॅप इंडेक्स घ्यायचा, त्याला त्या टीच्या स्लोपनं गुणायचं, ११३ नं भागायचं, आणि रेटिंगमधून पार वजा करून जे येईल ते त्यात मिळवायचं. समज तुझा इंडेक्स २० आहे आणि मैदानाचा पार ७२. मागच्या टीचं रेटिंग ७२.५ आणि स्लोप १३० असेल तर तुला २४ फटके मिळतात. पुढच्या टीचं ६८.५ आणि ११८ असेल तर १७. सात फटके तिथंच कापले गेले. त्यामुळं साहेब निळ्यावरून आणि तू पांढऱ्यावरून खेळलास तरी सामना बरोबरीचाच होतो. साहेबांना एवढंच म्हणायचं, “सर, मी पांढऱ्यावरून खेळतो, हँडिकॅप त्याप्रमाणे धरू.” गुडघा दुखतोय वगैरे बहाणे करू नकोस, पुढच्या वेळी लंगडावं लागतं.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण परदेशी पुस्तकांत ते सापडत नाही. आपल्या पठारावर मे महिन्यात जमीन विटेसारखी टणक होते, चेंडू पडला की टप्पे खात पळतो. तोच फटका जुलैत मारलास की चेंडू पडतो तिथं रुततो. त्यात पश्चिमेचा वारा समोरून. उन्हाळ्यात जो होल तुला ड्रायव्हर आणि आठ नंबरचा होता, तो आता ड्रायव्हर आणि वुडचा झाला. कार्डावरचे यार्ड बदललेले नसतात, मैदान लांब झालेलं असतं. म्हणून जून ते सप्टेंबर एक रंग पुढं ये, दसरा झाला की वाटलं तर मागं जा. मोसमाप्रमाणं टी बदलणारा माणूस क्लबात क्वचितच दिसतो, का ते मला कधीच कळलं नाही. छत्री मात्र सगळे बदलतात.

गोंधळ वाटला तर कॅडीला विचार. यजमानाला नको, तो मोठेपणानं मागंच नेईल. पहिल्या दोन होलांत तुझे फटके बघून कॅडीला तुझा पल्ला तुझ्यापेक्षा नीट कळलेला असतो. आपल्या देशात या माणसांना खेळ किती कळतो हे सांगायला अली शेरचं नाव पुरे. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होता, आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक झाला. कॅडीला नुसतं म्हण, “दादा, मी कुठून खेळू?” आणि तो सांगेल तिथून खेळ. टिप त्यासाठी द्यायची, चेंडू शोधल्याबद्दल नाही.

आणि चेंडू शोधायचं निघालंच आहे तर, २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती. झेपत नाही तिथून ताकद लावली की चेंडू झाडीत जातो. झाडीत गेला की चौघं शोधत उभे राहतात आणि मागची चौकडी कमरेवर हात ठेवून बघत राहते. फेरी पाच तासांवर जाते. हळू खेळतो असं एकदा नाव पडलं की रविवारी सकाळी तुला जोडीला घ्यायला कुणी राजी नसतं.

सूनबाईही शिकतेय असं ऐकलं. तिला थेट लाल टीवर नेऊन उभं करू नका. ‘लाल म्हणजे बायकांची’ हा जुना समज. लाल म्हणजे पुढची, तिथून कुणीही खेळावं, मीही शेवटची काही वर्षं खेळलो. आणि नव्यानं शिकणाऱ्या बाईला ती लालही बहुतेक ठिकाणी लांबच पडते. ड्रायव्हर १५० जात असेल तर ‘टी इट फॉरवर्ड’च्याच आकड्यांप्रमाणं ३५०० ते ३७०० यार्डांचं मैदान हवं, आणि लाल टीवरून बऱ्याच क्लबांत पाच हजार भरतात. मग काय करायचं? फेअरवेवर ग्रीनपासून १५० आणि २०० यार्डांच्या खुणा असतात. गर्दी नसताना स्टार्टरला विचारून तिनं पार-४ ला दोनशेच्या खुणेपासून सुरुवात करावी. पोरांना तर याहून जवळ. अमेरिकेत ‘ऑपरेशन ३६’ नावाचा शिकवण्याचा प्रकार आहे. त्यात नवख्याला ग्रीनपासून अवघ्या २५ यार्डांवर उभं करतात. तिथून नऊ होल ३६ फटक्यांत काढले की ५० वर, मग १००, मग १५०. तुझी लेक मोठी झाली की तिला असंच शिकव. पहिल्या दिवसापासून तिच्या कार्डावर चार-चार, पाच-पाच दिसतील आणि ती दुसऱ्या दिवशी परत येईल.

मागं कधी जायचं? एका टीवरून सलग काही फेऱ्या सहज निघू लागल्या, दुसऱ्या फटक्याला वेजशिवाय काही लागेनासं झालं, की एक रंग मागं. नाही जमलं तर परत पुढं, त्यात काही जात नाही. कधीतरी मुद्दाम सगळ्यात मागून खेळून बघायलाही हरकत नाही, उदयन मानेसारखा पुण्यातून ऑलिंपिकला गेलेला माणूस कुठून मारतो ते कळावं म्हणून. मात्र सोमवारी दुपारी, मागं कुणी नसताना.

स्पर्धेत हे सगळं विसरायचं. तिथं समिती सांगेल तीच टी. खुणांच्या जरासाही पुढून मारलास तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड, आणि परत येऊन बरोबर जागेवरून मारावं लागतं. मागं मात्र दोन क्लबांच्या लांबीएवढी मोकळीक असते. पुढची जागा उकरलेली असेल तर ती मोकळीक वापर, सपाट गवत बघून उभा राहा.

शेवटची गोष्ट जिवाची आहे म्हणून नीट ऐक. चौकडीत वेगवेगळ्या रंगांवरून खेळत असाल तर मागच्या टीवाल्यांनी आधी मारायचं. त्यांचे सगळे फटके होईपर्यंत तू त्यांच्या मागं उभा राहा. पुढच्या टीवरून खेळणारी माणसं गप्पांच्या नादात आपल्या खुणेकडं चालू लागतात, आणि मागून साहेबांचा फटका नेमका त्याच दिवशी सरळ येतो.