आसवनीचे मळीचे पाणी, शासनाचे अर्थसहाय्य आणि बागायती जमिनीची निगा

प्रवरा व गोदावरी या नद्यांच्या कालव्यांखालील प्रदेश हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याचा प्रमुख बागायती पट्टा होय. दारणा व भंडारदरा या धरणांचे पाणी मिळू लागल्यावर येथे उसाची लागवड वाढली. हरिगाव व टिळकनगर येथे खाजगी साखर कारखाने निघाले आणि १९५० साली लोणी येथे शेतकऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचा सहकारी कारखाना सुरू झाला. साखरेबरोबर मळी आली, आणि मळीबरोबर आसवन्या आल्या. आसवनी म्हणजे आपण ज्याला डिस्टिलरी म्हणतो तो मद्यार्काचा कारखाना. या आसवन्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा प्रश्न आपल्या जिल्ह्यात जुना आहे. परंतु पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते शेकडा वीसपर्यंत पोहोचले, त्यामुळे आसवन्यांची क्षमताही वाढली व प्रश्नाला नवीन निकड आली. म्हणून या पाण्याची व्यवस्था लावण्यासाठी शासन कारखान्यांना कोणते साहाय्य देते, आणि ज्यांच्या जमिनी व विहिरी बिघडल्या आहेत त्यांनी काय करावयाचे, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस असणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. खेड्यापाड्यांतून ‘मळी’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वस्तूंना लावला जातो. साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर उरणारा घट्ट काळा पाक ही खरी मळी. उसाचा रस निवळताना गाळणीवर जो गाळ जमतो तो प्रेसमड; तो खत म्हणून उत्तम असतो. आणि मळी आंबवून तिच्यातील मद्यार्क उडवून घेतल्यावर जे गरम, तांबूस काळे व उग्र वासाचे पाणी उरते त्याला स्पेंट वॉश असे म्हणतात. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘मळीचे पाणी’ असे येते ते हेच. गावातून तक्रार आली म्हणजे ती यांपैकी कशाची आहे हे आधी विचारून घ्यावे; प्रेसमडच्या ढिगावर केलेली तक्रार स्पेंट वॉशच्या नावाने नोंदली गेल्यास पुढील सर्व चौकशी व्यर्थ जाते.

एक लिटर मद्यार्क तयार होताना साधारणतः दहा ते पंधरा लिटर स्पेंट वॉश निघतो. दररोज ६० हजार लिटर मद्यार्क काढणारी आसवनी घेतली व दहा पटींचाच हिशेब धरला, तरी रोजचे ६ लक्ष लिटर पाणी होते. हे पाणी एका एकरावर पसरले तर ते सुमारे सहा इंच उभे राहील. म्हणजे महिनाभरात तीस एकरांवर सहा इंच! एवढ्या पाण्याची सोय कोठेतरी लावावीच लागते, आणि ती कारखान्याच्या आवारात लागली नाही तर ओढ्यात, चारीत किंवा रात्रीच्या टँकरने पडीक रानात लागते.

या पाण्याचा उपद्रव दोन प्रकारचा आहे. पहिला सेंद्रिय द्रव्यांचा. पाण्यातील घाण कुजताना किती प्राणवायू खर्च होतो यावरून तिचे मोजमाप करतात. गावच्या गटारीच्या पाण्यात हे मान लिटरास दोन-तीनशे मिलिग्रॅम असते, तर कच्च्या स्पेंट वॉशमध्ये ते चाळीस हजारांच्याही वर जाते. ओढ्यात असे पाणी आले की मासे मरतात ते विषाने नव्हे, गुदमरून. जमिनीतही मुळांभोवतालचा प्राणवायू नाहीसा होतो. दुसरा उपद्रव क्षारांचा. उसाने जमिनीतून उचललेले पालाश शेवटी या पाण्यात येऊन साठते; लिटरामागे दहा ग्रॅमच्या आसपास पालाश, आणि त्याच्याबरोबर क्लोराईड, सल्फेट इत्यादी विद्राव्य क्षार. पालाश हे अन्नद्रव्य आहे हे खरे. योग्य प्रमाणात पातळ करून, मोजून दिलेल्या पाण्याचा पिकास उपयोग होतो असे प्रयोगही झाले आहेत. तथापि प्रयोगाच्या वाफ्यात मोजून दिलेले पाणी निराळे, आणि नळीचे तोंड उघडून सोडून दिलेले पाणी निराळे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अनेक आसवन्यांत हे पाणी बंद टाक्यांत कुजवून त्यापासून बायोगॅस काढतात. त्यामुळे सेंद्रिय घाण पुष्कळ कमी होते, आम्लता जाते, परंतु क्षार मुळीच कमी होत नाहीत, व काळा रंगही बहुतांशी तसाच राहतो. ‘प्रक्रिया केलेले पाणी आहे, शेताला चालेल’ असे कोणी सांगितल्यास हा भेद विचारावा.

आपल्या काळ्या भारी जमिनीत हे पाणी फार अनिष्ट ठरते. उन्हाळ्यात या जमिनीस हातहात खोल भेगा पडतात व वरून सोडलेले पाणी त्या भेगांतून सरळ मुरमापर्यंत उतरते. पुढे खडकाच्या सांध्यांतून ते विहिरींना मिळते. पावसाळ्यात तीच जमीन फुगून बंद होते व पाण्याचा निचरा होत नाही. शिवाय कालव्याखालील पुष्कळ क्षेत्र अतिपाण्याने आधीच चोपण अथवा खारवट झालेले आहे. त्यात आणखी क्षारांची भर पडते. कोपरगाव तालुक्यातील शेतकऱ्यांना विहिरींच्या दूषित पाण्याबद्दल पुणे येथील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पीठापर्यंत जावे लागले, ते अशाच परिस्थितीत.

आता अर्थसहाय्याविषयी. सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर कारखान्याने खर्च केलेल्या पैशातून त्याला साखर मिळत नाही की मद्यार्क मिळत नाही. म्हणून हा खर्च नेहमी पुढे ढकलला जातो. ही अडचण ओळखून केंद्र शासनाने १९९१ पासून लहान कारखान्यांच्या सामुदायिक शुद्धीकरण केंद्रांसाठी अनुदान सुरू केले. प्रारंभी केंद्र व राज्य यांचा वाटा प्रत्येकी शेकडा २५ होता. २०१२ साली केंद्राचा वाटा शेकडा ५० करण्यात आला. आसवन्यांच्या बाबतीत २००३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांशी मिळून एक सनद तयार केली व सांडपाण्याचा थेंबही नदीनाल्यात जाऊ नये असे धोरण ठरविले. त्यानंतर अनेक आसवन्यांनी प्रेसमडवर स्पेंट वॉश फवारून कंपोस्ट करण्याची पद्धत स्वीकारली. पद्धत चांगली आहे, पण ती पावसात चालत नाही. यास्तव कंपोस्टवर अवलंबून असणाऱ्या आसवनीने वर्षातून २७० दिवसच चालावे अशी मर्यादा घातली गेली.

सर्वांत महत्त्वाचे साहाय्य जुलै २०१८ च्या योजनेतून आले. इथेनॉलची क्षमता वाढविण्यासाठी, तसेच स्पेंट वॉश जाळणारे बॉयलर बसविण्यासाठी किंवा मंडळाने मान्य केलेली तशीच अन्य व्यवस्था करण्यासाठी साखर कारखान्यांनी बँकेकडून काढलेल्या कर्जावरील व्याजाचा भार शासनाने उचलावयाचा असे ठरले. हा भार वार्षिक शेकडा ६ किंवा बँकेच्या व्याजदराच्या निम्मा, यांपैकी जो कमी असेल तो, पाच वर्षांपर्यंत. या बॉयलरची रीत अशी की, स्पेंट वॉश प्रथम आटवून काकवीसारखा घट्ट करतात, नंतर बगॅस किंवा कोळसा यांच्या जोडीने तो जाळतात. त्यापासून वाफ व वीज मिळते आणि मागे राख उरते. ही राख पालाशयुक्त असते. आपला देश पोटॅश बाहेरून आणतो. म्हणून या राखेपासून केलेल्या, शेकडा १४.५ पालाश असलेल्या खताला २०२१ साली अन्नद्रव्याधारित खत अनुदानाच्या योजनेत घेण्यात आले. जे द्रव्य विहीर नासवीत होते तेच पोत्यात भरून रीतसर खत म्हणून विकले जावे, ही व्यवस्था आम्हांस आजवरच्या सर्व उपायांत अधिक शहाणपणाची वाटते.

मात्र अनुदान यंत्राला मिळते, यंत्र रोज चालते की नाही हे अनुदानातून समजत नाही. जळण महाग झाले किंवा आटविण्याच्या नळ्यांत पापुद्रा धरला की बॉयलर बंद पडतो, आणि आसवनी चालूच राहते. त्या दिवसांत साठवण तलाव भरतात. तलावाचा तळ जाड प्लास्टिकने बंद केलेला आहे काय, भिंतीच्या बाहेर ओल अथवा काळा पाझर दिसतो काय, पावसाच्या तोंडी तलाव काठोकाठ ठेवले आहेत काय, ओढ्यात पहाटे फेस व उग्र वास येतो काय, एवढे गावकऱ्यांस सहज पाहता येते. जे दिसेल ते तारीख व वेळ घालून ग्रामपंचायतीच्या वहीत लिहून ठेवावे.

विहीर बिघडल्याची शंका आल्यास त्या विहिरीचे पाणी माणसांस व जनावरांस देणे प्रथम थांबवावे. नंतर नमुना घ्यावा. पंप थोडा वेळ चालवून मग, त्याच पाण्याने तीन वेळा विसळलेल्या स्वच्छ बाटलीत पाणी भरावे व बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवावे. कारखान्याच्या वरच्या अंगाची एक व खालच्या अंगाच्या दोन-तीन विहिरी अशी तुलना हवी. एकट्या विहिरीच्या नमुन्यावरून दोष कोणाचा हे ठरत नाही. शेतकऱ्याने स्वतः आणलेली बाटली कायद्याच्या कामी फारशी टिकत नाही. याकरिता महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहिल्यानगर येथील उपप्रादेशिक कार्यालयास लेखी कळवून, ग्रामपंचायतीच्या समक्ष पंचनामा करून नमुने घेवविणे हिताचे होय. मातीचे नमुने एक-एक फुटाच्या तीन थरांतून वेगवेगळे घ्यावेत व जवळच्या न बिघडलेल्या शेताचाही एक नमुना जोडावा. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठ, बाभळेश्वर व दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्रे यांचा सल्ला याकामी घ्यावा.

जमीन दुरुस्त करताना घाई करून जिप्समची पोती आणू नयेत. जिप्सम हे चोपण जमिनीचे, म्हणजे विनिमयक्षम सोडियम शेकडा १५ हून अधिक असलेल्या जमिनीचे औषध आहे. मळीच्या पाण्याने बिघडलेल्या जमिनीत बहुधा विद्राव्य क्षार व पालाश यांचा अतिरेक असतो आणि ते निचऱ्यानेच जातात. म्हणून नवीन पाणी येणे पूर्ण बंद झाल्यावर जमीन वाळवून खोल नांगरावी, शेताच्या कडेने चर काढावेत, आणि भारी जमिनीत सुमारे एक ते सव्वा मीटर खोलीवर सच्छिद्र नळ्या घालून पाण्याला वाट द्यावी. त्यानंतर बांध घालून चांगल्या पाण्याने क्षार धुवावेत. एक फूट मातीतील बहुतांश क्षार खाली नेण्यास सुमारे एक फूट उंच पाणी लागते असा सर्वसाधारण अंदाज आहे. निचऱ्याची वाट केल्याशिवाय हे पाणी भरल्यास क्षार शेजाऱ्याच्या विहिरीत जातील, हे सांगावयास नको. त्यानंतर पहिल्या खरिपात धैंचा घेऊन फुलोऱ्यापूर्वी गाडावा. कांदा, हरभरा ही क्षारास नाजूक पिके लगेच घेऊ नयेत. करडई, गहू, कापूस यांतून जमिनीची परीक्षा पाहावी. अशा शेतात काही हंगाम पालाशयुक्त खत देण्याचे मुळीच कारण नाही.

नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहतींजवळच्या गावांचा प्रश्न थोडा निराळा आहे. जळके तेल, रंगाचा गाळ, मुलामा देण्याच्या हौदांतील गाळ यांना २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा मानले जाते. कारखान्याने तो साधारणतः ९० दिवसांहून अधिक साठवू नये व अधिकृत केंद्राकडेच पाठवावा, असा नियम आहे; पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे असे केंद्र आहे. तेव्हा कोणी बांधाला किंवा खड्ड्याला फुकट भराव देऊ केला तर तो घेऊ नये, आणि रसायनांची रिकामी पिंपे पाणी वा धान्य साठविण्यास वापरू नयेत. स्पेंट वॉश या घातक कचऱ्याच्या यादीत गणला जात नाही. त्याविषयीची तक्रार १९७४ च्या जल प्रदूषण अधिनियमाखाली करावी लागते.

बिघडून गेलेली जमीन साफ करण्याचा खर्च कोणी करावयाचा? अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरी जुन्या रासायनिक कचऱ्यावर वस्ती झाल्याचे १९७८ साली उघड झाले, व १९८० साली तेथे अशा जागांच्या सफाईसाठी स्वतंत्र निधीचा कायदा झाला. आपल्याकडे राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांमुळे काळ्या पडल्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सफाईचा खर्च दूषण करणाऱ्यांवरच टाकला. तो पैसा लवकर वसूल झाला नाही; २०११ साली न्यायालयाला व्याजासह भरण्याचा हुकूम पुन्हा द्यावा लागला. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांविषयी नवीन नियम काढले आहेत. त्यांनुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य मंडळाकडे द्यावयाची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची, आणि दोषी व्यक्तीकडून सफाईचा खर्च घ्यावयाचा. दोषी सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसली तर केंद्र व राज्य यांनी तो सोसावयाचा. या नियमांचा रोख घातक रसायनांवर आहे. यादीची सुरुवात स्थानिक संस्थेपासून होते, म्हणून आपल्या हद्दीत टाकून दिलेल्या गाळाच्या जागा असल्यास ग्रामपंचायतीने ठराव करून त्या कळवाव्यात.

शेतकऱ्याच्या स्वतःच्या नुकसानीसाठी मात्र निराळी वाट आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या अधिनियमातील कलम १५ अन्वये पीक, जमीन व विहीर यांच्या नुकसानीची भरपाई मागता येते. त्यासाठी कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे, आणि पुरेसे कारण दाखविल्यास आणखी साठ दिवसांपर्यंत अर्ज घेता येतो. विहीर पहिल्यांदा केव्हा तांबडी झाली, ती तारीख कोणी विचारील तेव्हा ती वहीत सापडली पाहिजे. मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी, एक व दिवाळीनंतर एक असे वर्षातून दोन नमुने घेऊन त्यांचे अहवाल त्याच वहीस जोडून ठेवावेत.