नव्या रिंगांचे लाड करू नकोस

पोरा, पद्मिनीचं इंजिन बांधून झालं की दहा जण सांगतील, गाडी जपून चालव, चाळिसाच्या वर नेऊ नकोस. त्यांचं ऐकू नकोस. पिस्टनच्या रिंगा बसत नाहीत त्या बहुतेक अशा जपण्यामुळेच.

रिंगेचा स्वतःचा ताण बोअरला टेकण्यापुरताच असतो. तिला भिंतीवर खरी दाबतो ती जळत्या पेट्रोलची हवा. ती पिस्टनच्या खाचेत शिरते आणि रिंगेला मागून बाहेर रेटते. होनिंगच्या दगडाने बोअरवर पाडलेल्या तिरक्या रेघांचे बारीक उंचवटे त्या दाबाखाली घासले जातात, तेव्हा रिंग आणि बोअर एकमेकांना जुळतात. इंजिनावर लोड नसेल तर हा दाब पुरेसा येत नाही. मग भिंतीवरचं ऑइल जळून तिथे काचेसारखा गुळगुळीत थर धरतं, रेघा बुजतात, आणि पुन्हा होनिंग करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

म्हणजे इंजिन चालू केलं की लगेच लोड द्यायचा, म्हणून सगळी तयारी त्याआधी. होनिंग झाल्यावर बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धू. नुसत्या रॉकेलने दगडाची पूड निघत नाही, ती रेघांतच बसून राहते. पुसून लगेच ऑइलचा हात दे, नाहीतर गंज धरेल. पांढरं फडकं फिरवल्यावर काळं होत असेल तर परत धू. यात घाई करणाऱ्याचं इंजिन मी तरी चांगलं निघालेलं पाहिलं नाही. रिंग बोअरमध्ये सरळ बसवून फीलर गेजने गॅप बघ. ६८ मिलिमीटरच्या बोअरला वरच्या रिंगेची गॅप साधारण पाव मिलिमीटरच्या थोडी वर लागते, पण पुस्तकातला आकडा शेवटचा. गॅप जरा जास्त झाली तरी चालेल. कमी राहिली तर तापल्यावर टोकं भिडतात आणि बोअरला ओरखडे पडतात. सगळ्या रिंगांच्या गॅप एका रेषेत ठेवू नकोस.

ऑइल साधं मिनरलच घाल, सिंथेटिक आत्ता नको. प्लग काढून स्टार्टर मार, ऑइलचं प्रेशर येऊ दे. टायमिंग आणि कार्बोरेटर आधीच लावलेला हवा. चोक ओढून बराच वेळ स्टार्टर मारत बसलास तर पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. नवा कॅम घातला असेल तर सुरुवातीची वीस मिनिटं २००० च्या आसपास रेस ठेवावी लागते. तसं नसेल तर गळती बघ, पाण्याचा काटा बघ आणि गाडी बाहेर काढ.

पुण्यात असशील तर कात्रजचा जुना घाट गाठ. चढाला तिसऱ्यात दमदार एक्सलेटर दे. टॉपला टाकून इंजिनाला कण्हायला लावू नकोस. उताराला गाडी गियरमध्येच ठेवून एक्सलेटरवरचा पाय काढ, म्हणजे आतल्या ओढीने ऑइल वर येऊन रिंगा थंड होतात आणि घासलेलं धातूचं पीठ धुतलं जातं. घाट नसेल तर मोकळ्या रस्त्यावर चाळीस ते सत्तर ओढ, पाय सोड, पुन्हा ओढ. मधे पाण्याचा काटा चढला तर थांब.

परत आल्यावर गरम असतानाच ऑइल काढ आणि फिल्टर बदल. त्यात चकाकी दिसेल, घाबरू नकोस. पुढचं ऑइल ५०० किलोमीटरला. दर पेट्रोलला डिपस्टिक पाहत जा.

हजार-दीड हजार किलोमीटरनंतरही जोर दिल्यावर निळा धूर येत असेल तर काँप्रेशन मोज. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोज. आकडा वर चढला तर दोष रिंगांचाच समज आणि हेड उतरव. बुजलेल्या रेघा उघडणारं औषध कुठल्याही बाटलीत मिळत नाही.