छातीचा एक्स-रे कसा वाचावा?

होस्टेलवर कुणाचा एक्स-रे आला की तो ट्यूबलाईटसमोर धरून सगळेच डॉक्टर होतात. "इथं पांढरं दिसतंय, टीबीच आहे!" पण पांढरा डाग ही नुसती सावली असते, रोगाचं नाव नव्हे.

फर्स्ट इयरचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवा. फक्त फ्रंट व्ह्यू दिला तर वस्तूची खोली कळत नाही. एक्स-रेचंही तसंच आहे. बरगड्या, फुफ्फुस, हृदय, मणका सगळं एकावर एक छापलं जातं. हवा काळी, मांस आणि पाणी करडं, हाड पांढरं, धातू सर्वांत पांढरा दिसतो.

डॉक्टर ठराविक क्रमाने बघतात :

१) नाव, तारीख आणि डावी-उजवी खूण. पेशंट आपल्यासमोर उभा आहे असं समजायचं, म्हणजे त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे.

२) श्वास पूर्ण घेतला होता का? अर्धवट श्वासात हृदय मोठं आणि फुफ्फुसाचा तळ पांढरट दिसतो.

३) श्वासनलिका मध्यभागी आहे का? एका बाजूला खूप पाणी किंवा हवा साठली तर ती पलीकडे ढकलली जाते. फुफ्फुस आकसलं तर त्याच बाजूला ओढली जाते.

४) हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नको.

५) दोन्ही फुफ्फुसं वरून खाली ताडून बघायची. खालचे कोपरे टोकदार हवेत, पाणी साठलं की ते बोथट होतात.

आता टीबीकडे येऊ. फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग आणि त्यात पोकळी दिसली तर संशय येतो. पण बऱ्या झालेल्या जुन्या टीबीचा व्रण, न्यूमोनिया किंवा गाठसुद्धा अशी दिसू शकते. म्हणून खात्री थुंकीच्या तपासणीनेच होते. मग एक्स-रे कशाला? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय टीबी सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण केवळ एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते सुटले असते. थोडक्यात, एक्स-रे संशयित पकडतो आणि थुंकी पुरावा देते.

आता कॉम्प्युटरही एक्स-रे वाचतो. मुंबईच्या 'क्युअर डॉट एआय' कंपनीने असं सॉफ्टवेअर बनवलंय. पंधरा वर्षांवरील लोकांच्या टीबी चाळणीसाठी असा वापर करायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली मान्यता दिली. पण सॉफ्टवेअरही फक्त संशयच सांगतं, पुढची तपासणी टळत नाही.

आपल्या एकेका रूममध्ये तीन-चार जण झोपतात आणि टीबी खोकल्यातून, हवेतूनच पसरतो. 'पार्टनर काय म्हणतील' या भीतीने खोकला लपवू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर परभणीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. थुंकीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. साधा टीबी साधारण सहा महिन्यांच्या नियमित औषधाने बरा होतो. आणि पार्टनरचा एक्स-रे हातात आला तर निकाल देऊ नका, त्याच्यासोबत दवाखान्यात जा!