मॉनिटर घेताना बिल कोणाच्या नावे?

आमच्या कापडाच्या धंद्यात थान उलगडून पाहिल्याशिवाय कोणी माल घेत नाही. धागा सुटलेला आहे काय, रंगात फरक आहे काय, हे पाहूनच भाव ठरतो. पण तोच दुकानदार दहा-बारा हजारांचा कॉम्प्युटर मॉनिटर मोबाईलवरील फोटो पाहून मागवतो. मीही तेच केले. त्या सौद्यात जो तजुर्बा आला तो व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहीत आहे.

धाकट्या मुलाला गेम खेळण्यासाठी मॉनिटर हवा होता. चोवीस इंची, १६५ हर्ट्झचा, किंमत ११,८०० रुपये. हर्ट्झ म्हणजे पडद्यावरील चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा. साध्या ऑफिस मॉनिटरला तो बहुधा ६० असतो. वेगवान खेळात फरक दिसतो, बिले करण्यात काही फरक पडत नाही. १६५ चा मॉनिटर घेतला तरी विंडोजमध्ये तो पुष्कळदा ६० वरच चालू होतो. सेटिंगमध्ये जाऊन वाढवावा लागतो. काही स्वस्त मॉडेलांत पूर्ण वेग डिस्प्लेपोर्टच्या केबलनेच मिळतो, एचडीएमआयने नाही. खोक्यावरचा ‘१ मिलिसेकंद’ हा आकडा शोकेसमधल्या नमुन्यासारखा समजावा, थानभर तसाच माल निघेल असे नाही. आयपीएस पॅनेलमध्ये बाजूने पाहिले तरी रंग फारसा बदलत नाही. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद दिसतो, पण स्वस्त मॉडेलांत हलत्या चित्रामागे सावली ओढली जाते. ज्या घरी रात्री मुलगा खेळणार आणि दिवसा त्याच पडद्यावर भरतकामाची किंवा छपाईची डिझाइन होणार, तेथे आयपीएस बरा.

इथपर्यंत मुलाला सर्व ठाऊक होते. आम्ही फसलो ते पुढे.

नवव्या महिन्यात, ऐन पावसात, पडद्यावर उभी हिरवी रेघ आली. वॉरंटी तीन वर्षांची होती. जाहिरातीत ‘घरी येऊन दुरुस्ती’ असे लिहिले होते, पण फोन केल्यावर कळले की ती सोय ठराविक पिन कोडपुरतीच आहे आणि मालवण त्यात नाही. जवळचे सर्व्हिस सेंटर कोल्हापूरला, म्हणजे घाट चढून दिवस खर्ची. मूळ खोके आणि थर्माकोल आम्ही केव्हाच भंगारात दिलेले. मॉनिटर माझ्याच दुकानातल्या दोन चादरींत गुंडाळून नेला. तेथे पहिला प्रश्न असा, की लाइटचा दाब कमी-जास्त झाला होता काय? विजेचा दाब वाढून किंवा पाणी शिरून झालेला बिघाड सहसा वॉरंटीत बसत नाही. आपल्या किनाऱ्यावर पावसात लाइट किती वेळा जाते-येते हे सांगायला नको. सर्ज प्रोटेक्टर लावावा आणि गडगडाट सुरू होताच प्लग काढावा. मॉनिटर ठेवून घेऊन एक चिठ्ठी दिली, तीवर ना तारीख ना शिक्का. मी दुकानदार असूनही ती तशीच खिशात घातली. मग तीन आठवडे एकच उत्तर, पार्ट आलेला नाही.

शेवटी सिंधुदुर्गनगरीला, जेथे जिल्हा ग्राहक आयोग आहे, एका वकिलांना विचारले. त्यांचा पहिला प्रश्न, “बिल कोणाच्या नावे?” बिल दुकानाच्या नावे, जीएसटी नंबर घालून. किमतीतले १,८०० रुपये क्रेडिटला मिळावेत म्हणून मुलाने तसे केले होते आणि मी होकार दिला होता.

इथेच पेच आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही. महाराष्ट्रातील लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने एक यंत्र घेतले, ते उशिरा आणि सदोष आले. राज्य आयोगाने २.४८ लाख रुपये देण्याचा हुकूम केला. राष्ट्रीय आयोगाने तो रद्द केला, कारण खरेदी व्यापारी हेतूची होती. आणि १९९५ साली सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय आयोगाचा निर्णय कायम ठेवला. मात्र स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यासाठी जो वस्तू घेतो तो ग्राहकच राहतो, हेही कोर्टाने सांगितले, टायपिस्टच्या टाइपरायटरचे उदाहरण देऊन. म्हणजे एकटा काम करणारा कारागीर सुटतो, माझ्यासारखा नोकर ठेवून दुकान चालवणारा अडकतो. शिवाय मुलाच्या खेळासाठी घेतलेल्या वस्तूवर क्रेडिट घेणे मुळातच गैर होते. ते पुढच्या रिटर्नमध्ये मी परत केले.

वकिलांच्या सल्ल्याने तोंडी बोलणे बंद केले. बिल, रेघेचा फोटो आणि तक्रार क्रमांक जोडून कंपनीला व विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाला लेखी तक्रार पाठवली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद केली. नंतर दोन आठवड्यांत मॉनिटर आला. नवा नव्हे, दुरुस्त केलेला, पण रेघ नाही.

ज्यांचे बिल स्वतःच्या नावे आहे त्यांची बाजू बरीच भक्कम आहे. २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे.

हा कायदा वाचताना एक कलम माझ्याच गळ्यात आले. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि आमच्या बिलबुकावर वडिलांच्या काळापासून छापलेले, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ नवी बिलबुके त्या ओळीशिवाय छापायला दिली आहेत. जुन्यांची शंभरएक पाने उरली आहेत, त्यांवर ती ओळ पेनाने खोडून बिल देतो.