पिसांआड लपलेला दोष

अमेरिकेत धनुष्याने हरणांची शिकार करणाऱ्यांच्या हातून वारंवार घडणारी चूक अशी की, उन्हाळाभर सरावाच्या निमुळत्या टोकांनी नेम बसवला जातो आणि हंगाम तोंडावर आला की त्याच बाणांना धारदार रुंद पाती चढवली जातात. मग एका जागी रुतणारे बाण भरकटू लागतात आणि बोल पात्यांना लागतो. वस्तुतः दोष आधीचाच असतो. वाकड्या निघालेल्या बाणाला मागची पिसे वाटेत सरळ करीत असल्यामुळे तो दिसत नाही, आणि पुढची पाती हवा धरून तोच वाकडेपणा वाढवतात. जनावर जखमी होऊन तडफडण्याचा संभव असताना पाती लावून नेम तपासणे लांबणीवर टाकणे अक्षम्य आहे.

या दोषाचे मूळ बहुधा दांडीच्या ताठपणात, म्हणजे ‘स्पाइन’मध्ये असते. २८ इंच अंतरावरील दोन आधारांवर दांडी ठेवून मध्यभागी १.९४ पौंडांचे (सुमारे ८८० ग्रॅम) वजन टांगले असता ती अर्धा इंच वाकली, तर तिचा क्रमांक ५०० ठरतो. क्रमांक जितका लहान, तितकी दांडी ताठ. परंतु हे माप स्थिर दांडीचे झाले. बोटांनी सोडलेला बाण धनुष्याच्या मुठीला वळसा घालत, लवत पुढे जातो, हे क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात अतिवेगवान छायाचित्रणाने दाखवले. हे लवणे धनुष्याचा जोर, दांडीची लांबी आणि टोकाचे वजन यांवरही अवलंबून असल्याने, १०० ग्रेनच्या (साधारण साडेसहा ग्रॅम) टोकाऐवजी १२५ ग्रेनचे लावताच तीच दांडी अधिक लवचीक असल्यासारखी वागते आणि आखूड केल्यास अधिक ताठ. कापलेला तुकडा पुन्हा जोडता येत नाही, म्हणून दांडी प्रथम लांबच ठेवून टोके बदलून पाहावीत आणि कापायचीच तर अगदी थोडी थोडी कापावी.

जुळणीची खरी परीक्षा पिसे नसलेल्या बाणाने होते. पिसांच्या बाणांबरोबर सोडलेला असा बाण त्यांच्या खाली लागला, तर प्रत्यंचेवर बाण अडकवण्याची जागा वर आहे असे समजून ती आधी उतरवावी. बाजूंचा विचार त्यानंतर. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्याचा हा बाण डावीकडे गेल्यास दांडी जास्त ताठ, उजवीकडे गेल्यास जास्त लवचीक मानावी. मात्र प्रत्यंचा सोडताना बोटे अडखळली तरी बाण बाजूला जातो, म्हणून एकाच बाणावरून निर्णय करू नये आणि एका वेळी एकच बदल करावा. शेवटी सरावाच्या टोकाइतक्याच वजनाची पाती बसवून दोन्ही प्रकारचे बाण एकाच लक्ष्यावर सोडावेत आणि ते एकत्र लागेपर्यंत शिकारीला निघू नये.