वृद्धांचा व्यायाम

व्यायाम म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तालीम, मल्लखांब आणि शाळेचें मैदान उभें राहतें. साठी उलटलेल्या माणसानें मात्र स्वस्थ बसावें, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आजोबा उठूं लागले कीं आपण म्हणतों, “तुम्ही बसा, काय हवें तें मी आणतों.” ह्या बोलण्यामागें प्रेम असतें, ह्यांत संशय नाहीं, परंतु हें प्रेम कित्येकदां अपायकारक कसें होतें, ह्याचा विचार आपण येथें करूं.

ज्या स्नायूला काम मिळतें तो बळकट राहतो. ज्याला मिळत नाहीं तो झिजतो. हा नियम सर्व वयांस लागू आहे. भेद एवढाच कीं, वृद्धाची शक्ति जाते लवकर व परत येते उशिरां. मांडीचे स्नायु दुर्बळ झाले म्हणजे उठतांना तोल जातो. पडण्याच्या भीतीनें माणूस चालणें कमी करतो. आणि चालणें कमी झालें म्हणजे स्नायु अधिकच दुर्बळ होतात. ह्या चक्राचा शेवट पुष्कळदां पडण्यांत व खुब्याचें हाड मोडण्यांत होतो.

हें चक्र उलट फिरवितां येतें काय? अमेरिकेंतील डॉ. मारिया फियाटारोन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९० सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सुमारें नव्वद वर्षांच्या दहा अशक्त माणसांकडून वजनांच्या साह्यानें आठ आठवडे पायांचा व्यायाम करविला. नऊ जणांनीं तो पुरा केला व त्यांच्या पायांची शक्ति सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढली. व्यायाम थांबतांच मात्र ती पुन्हा घटूं लागली. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठानें घरींच करावयाचा एक क्रम आंखला. तींत पायांचें बळ, तोल व चालणें ह्यांवर भर आहे. २००२ सालीं चार प्रयोग एकत्र तपासतां, ह्या क्रमामुळें पडण्याचें प्रमाण सुमारें ३५ टक्क्यांनीं घटल्याचें दिसलें.

आतां घरीं काय करावें तें पाहूं. हात असलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. तींतून सावकाश उठावें व सावकाश बसावें. प्रथम दोन्ही हातांचा आधार घ्यावा, मग एकाचा, आणि जमल्यास शेवटीं कशाचाहि नाहीं. दुसरा व्यायाम ओट्याला धरून टांचा उचलण्याचा. तिसरा भिंतीलगत, एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टांच लावीत चालण्याचा. नातवंडांनीं जवळ उभें राहावें, पण दंड धरून ओढूं नये. छातींत दुखलें, घेरी आली किंवा फार धाप लागली तर तत्काळ थांबून डॉक्टरांस विचारावें. हाड मोडल्यानंतर किंवा पक्षाघातानंतर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यावांचून कांहींच आरंभूं नये. ओली मोरी, चुरगळलेली सतरंजी आणि अंधारा जिना ह्यांचीहि व्यवस्था लावावी. नाहींतर मिळविलेलें बळ एका क्षणांत वायां जाईल.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ६५ वर्षांवरील माणसांस आठवड्यांतून १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल, निदान दोन दिवस बळ वाढविणारा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा अभ्यास सांगितला आहे. इतकें न जमल्यास शक्तीप्रमाणें करावें. अगदींच न करण्यापेक्षां थोडें केलेलें केव्हांहि बरें.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सुटींत एक वही घ्या. आजीआजोबा खुर्चीतून विसांवा न घेतां किती वेळां उठले, हें दर रविवारीं तींत मांडा. आंकडा चारावरून सहावर गेला तर तो लहान समजूं नका. स्वतः उठून मोरीपर्यंत जाणें आणि त्यासाठीं दुसऱ्याला हांक मारावी लागणें, ह्यांत वृद्ध माणसाच्या मानाचा प्रश्न असतो.