धर्मवेडाचे इंग्रजी शब्द मराठीत आणताना

इंग्रजी मजकुरात फॅनॅटिक, झेलट, बिगट, फंडामेंटलिस्ट यांपैकी काहीही आले की मराठीत सर्रास 'धर्मांध' नाहीतर 'कट्टर' लिहून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे रुळली आहे. ही सवय मोडायला हवी. हे शब्द माणसांवर शिक्का मारतात, आणि शिक्का चुकला तर एखाद्या साध्या भाविकावर किंवा अख्ख्या समाजावर अन्याय होतो. अनुवाद करणाऱ्याने, बातमी लिहिणाऱ्याने पुढच्या क्रमाने जावे.

आधी शब्दाचा रोख कशावर आहे ते पाहा: श्रद्धेवर, वागण्यावर की दुसऱ्यांच्या द्वेषावर? डिव्हाउट म्हणजे भाविक, श्रद्धाळू. त्यात निंदेचा लवलेश नाही. सँक्टिमोनिअस माणूस आपणच तेवढे सोवळे असा आव आणतो, म्हणून त्याला दांभिक म्हणावे. सर्वांत जास्त घोटाळा बिगटचा होतो. आजच्या इंग्रजीत या शब्दाला धर्म लागतोच असे नाही. आपल्याहून वेगळ्या वंशाच्या, वर्णाच्या, पंथाच्या माणसांविषयी ज्याच्या मनात आकस आहे आणि जो काही केल्या ऐकून घेत नाही, तो बिगट. नास्तिक माणूसही बिगट असू शकतो. त्याला 'धर्मांध' म्हणणे चूकच. संदर्भ पाहून वर्णद्वेष्टा, परधर्मद्वेष्टा किंवा दुराग्रही लिहावे.

मग शेजारचे शब्द आणि पहिले अक्षर तपासा. एखादी बाई 'मिशनरी झील'ने शाळा चालवते असे वाक्य असेल, तर तिथे मिशनरीही नाहीत आणि धर्मही नाही. 'तिने शाळेच्या कामाला वाहून घेतले आहे' असे सरळ लिहावे. फिटनेस फॅनॅटिक म्हणजे व्यायामाचे वेड असलेला. ऑर्थोडॉक्सचे पहिले अक्षर मोठे असेल आणि विषय ग्रीस, रशिया किंवा सर्बियातल्या चर्चचा असेल, तर ते ख्रिस्ती धर्मातल्या एका शाखेचे नाव आहे. 'सनातनी चर्च' लिहिले की अर्थाचा अनर्थ होतो. झेलटचेही तसेच. पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासात ते रोमन सत्तेविरुद्ध उभ्या राहिलेल्या गटाचे नाव आहे. तिथे 'झेलट' असेच ठेवावे.

यापुढची पायरी काळाची, आणि तिथे घाई अजिबात करू नये. अठराव्या शतकातल्या इंग्रजी मजकुरात एन्थुझिॲझम दिसला तर 'उत्साह' लिहू नका. त्या काळी 'देव थेट माझ्याशी बोलतो' अशा समजुतीला तो शब्द लावत, आणि तोही दूषण म्हणून. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्यावर हाच आरोप होत असे. आपल्या घरचे उदाहरण तर सर्वांना माहीत आहे. 1907 च्या सुरत काँग्रेसच्या वृत्तांतात टिळकांच्या पक्षाला एक्स्ट्रिमिस्ट म्हटलेले आढळते. आजच्या सवयीने तिथे 'अतिरेकी' लिहिले तर इतिहासच उलटा होईल. मराठीने त्यासाठी 'जहाल' हा शब्द तेव्हाच रूढ केला होता आणि समोरच्यांना 'मवाळ' म्हटले होते. जुना मजकूर हाती आला की त्या काळच्या मराठीत काय म्हणत, हे आधी शोधावे.

यानंतर विचारावे: हा शब्द कोण, कोणाविषयी वापरतो आहे? अमेरिकेत 1910 ते 1915 या काळात 'द फंडामेंटल्स' नावाची 12 पुस्तकांची मालिका निघाली. 1920 मध्ये एका बॅप्टिस्ट संपादकाने फंडामेंटलिस्ट हा शब्द घडवला, तो स्वतःच्या बाजूच्या लोकांसाठी, अभिमानाने. त्या संदर्भात 'मूलतत्त्ववादी' योग्य. 'धर्मांध' म्हणजे आपला निवाडा त्यांच्या तोंडी घालणे. याउलट ब्रिटिश अधिकारी वायव्य सरहद्दीवरच्या सितानाच्या मुजाहिदांना 'हिंदुस्तानी फॅनॅटिक्स' म्हणत. तो सत्तेने आपल्या शत्रूला दिलेला शब्द होता. तो अवतरणात ठेवावा आणि कोणी वापरला ते वाक्यातच सांगावे. आपल्या निवेदनात तो उसना घेतला की आपण नकळत त्या अधिकाऱ्याच्या बाजूने बोलू लागतो.

एवढे करूनही शब्द सापडला नाही, तर विशेषण गाळा आणि कृती लिहा. 'धर्मांध जमावाने ग्रंथालय जाळले' यापेक्षा 'पुस्तकात आपल्या धर्माचा अपमान झाला असे म्हणत जमावाने ग्रंथालय जाळले' हे वाक्य अधिक सांगते आणि पडताळूनही पाहता येते.

'कट्टर' हा शब्द मात्र जपूनच वापरा. मराठीत कट्टर कार्यकर्ता, कट्टर समर्थक ही शाबासकी असते, आणि तेच विशेषण एखाद्या धर्माच्या माणसाला लावले की शिवी होते. ज्या वाक्यात तो नेमका कोणत्या अर्थाने आला हे वाचकाला कळणार नाही, तिथून तो काढून टाका.